डोंगर पाहून आलेली घोरपड

मित्रांनो, मला पाहून तुम्ही आधी हसणार, हे मला ठाऊक आहे. सगळेच हसतात. कुणी मला मगर म्हणते, कुणी पाल, आणि एका पाहुण्या बाईंनी तर मला उशी समजून चक्क डोक्याखाली घेतले होते. म्हणून आधीच सांगून टाकते, मी घोरपड आहे. कापडाची आहे, जुनी आहे, शेपटीला टाके पडले आहेत, दोन रंगांच्या दोन डोळ्यांतला एकच उरला आहे; तरी घोरपडच आहे. आणि मी जेवढे डोंगर पाहिले, तेवढे तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असतील.

माझा जन्म चोपन्न साली परळच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर झाला. मला शिवले ते कांताने. कांता तेव्हा अठरा वर्षांची होती आणि जवळच्याच एका गिरणीत वाइंडिंग खात्यात बॉबिनींवर सूत भरायची. गिरणीत डाग पडलेल्या कापडाचे तुकडे कामगारांना मिळत. त्यातला खाकी ड्रिलचा एक तुकडा तिने माझ्यासाठी राखून ठेवला होता. पोटातला कापूस मात्र तिथला नाही. कांताचे वडील बुधाजी कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गाठी उचलत. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या बंडीला, भुवयांना, कानांच्या पाळ्यांना कापूस चिकटलेला असे. कांताची आई जाईबाई तो वेचून एका पिशवीत टाकीत. पुढे बुधाजी गेले आणि पिशवी राहिली. तिला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. कांताने ती मागितली तेव्हा जाईबाईंनी पिशवी एकदा हातात तोलून पाहिली. मग म्हणाल्या, "घे. नुसता पडून काय करायचाय तो?"

आता घोरपडच का, ते सांगते. कांताचा थोरला भाऊ सीताराम त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होता. त्याचा जिवलग दोस्त आल्बर्ट माझगावचा, गोदीत फिटर. एक बुद्धविहाराची स्वप्ने पाहणाऱ्या चाळीतला, दुसरा दर रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्या घरातला, पण दोघांचे वेड एकच होते, ते म्हणजे डोंगर. आल्बर्ट तर डोंगरापायी चर्चही बुडवायचा आणि आईची बोलणी खायचा. घोरपडीला दोर बांधून कडे चढल्याच्या गोष्टी सीतारामने त्याला एकदा सांगितल्या, आणि गडी हटूनच बसला.

"सीता, अपनेको एक घोरपड पायजेच रे! बिगर घोरपडीचा गड कसा काय चढतो तुमी लोक?"

"मी करून देते," कांता म्हणाली.

तिने जन्मात घोरपड पाहिली नव्हती. भिंतीवरची पाल पाहून तिने मला बेतले आणि चांगले हातभर लांब केले. आल्बर्टच्या आईने, जर्ट्रूडबाईंनी, डोळ्यांसाठी दोन बटणे पाठवली, एक काळे आणि एक तपकिरी. नाव ठेवले आल्बर्टने. त्याने मला घोरूबाय म्हटले आणि मी घोरूबायच झाले.

कांताने माझ्या पोटाला एक खिसा शिवला आणि एक नियम घातला. ज्या डोंगरावर जाल, तिथली चिमूटभर माती या खिशात घालून आणायची. घरी आल्यावर ती खिसा उलटा करून माती ताटलीत ओतायची, बोटांनी चाळायची, हुंगायची. मग ती गॅलरीतल्या डालड्याच्या डब्यात, गवती चहाच्या मुळाशी टाकायची. "हा माहुली, हा प्रबळ," असे डब्याला सांगायची सुद्धा. शेजारच्या मुली तिला हसत.

तिला त्या मातीचे एवढे का वाटे, हे कळायला तुम्हाला चाळीच्या गच्चीवर यावे लागेल. पावसाळा सरला की गच्चीवरून उगवतीकडे लांबवर दिसे. आधी गिरण्यांची धुराडी, मग कॉटन ग्रीनची गोदामे, मग गोदीतल्या क्रेन, मग पाण्याचा चमकता पट्टा आणि पाण्यापलीकडे डोंगर. त्यात एक सुळका अंगठ्यासारखा उभा होता. तो कर्नाळा. कांता लहानपणापासून त्याच्याकडे पाहत आली होती. तिला तिथे जायचे होते. दुसरे काही नको, एकदा त्या अंगठ्याच्या पायथ्याशी उभे राहायचे होते. पण पोरीने पुरुषांबरोबर डोंगर हिंडायचे म्हणजे काय, ही त्या काळची रीत. म्हणून ती मला पाठवायची. निघण्याआधी माझे तोंड आपल्याकडे वळवून म्हणायची, "नीट बघून ये हं."

आणि मी बघितले. काय काय म्हणून सांगू! माहुलीच्या दाट रानातली वाट पाहिली. प्रबळगडावरून ढग खाली पडलेले पाहिले. सीताराम मला पाठपिशवीला बाहेरून बांधायचा, त्यामुळे मला नेहमी मागे पडलेलाच रस्ता दिसे, पण तोही सुंदर असे. अवघड जागा आली की आल्बर्ट मला आधी वर भिरकावायचा. "घोरूबाय चढली! आता तिला आणायला जावंच लागंल!" असे ओरडून दोघे मागोमाग चढायचे. एकदा मी करवंदीच्या जाळीत अडकले, खाली नुसती दरी होती. मला सोडवताना शेपूट फाटली आणि आल्बर्टच्या कोपराचे सालटे निघाले, पण मला टाकून जायचा विचार त्यांच्या मनात आला नाही. माहुलीवर तर एक खरी घोरपड भेटली. कातळावर ऊन खात पसरली होती. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि फटीत निघून गेली. तिला माझी लाज वाटली असावी.

माझे कौतुकही फार होई. डोंगराखालच्या वाडीतल्या बायका मला पाहून पदर तोंडाला लावीत, चाळीतली पोरे मला हात लावायला धडपडत. "घोरूबाय कर्नाळ्याला दोनदा जाऊन आली," असे सीताराम छाती फुगवून सांगायचा. मी खुशीत असायची. त्या खुशीत एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. मी जात होते म्हणून कांताला न्यावे असे कुणाला वाटत नव्हते. तिच्यासाठी आपण घोरपड नेतो, माती आणतो, याहून जास्त ते काय करायचे? मित्रांनो, तिची जागा मीच अडवून बसले होते.

छप्पन सालच्या जानेवारीत हे उघड झाले. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून सगळे गिरणगाव रस्त्यावर आले होते. गोळीबार झाले, माणसे पडली, संचारबंदी लागली. मधे एक दिवस जरा शांत वाटला, तेव्हा सीताराम आणि आल्बर्ट तिसऱ्यांदा कर्नाळ्याला निघाले. भाऊच्या धक्क्यावर जाऊन पाहतात तर लाँच बंद. परतताना रस्त्यात पुन्हा गडबड सुरू झाली. पोलिसांच्या गाड्या धावू लागल्या. दोघांनी धावत धावत रे रोडला आल्बर्टच्या मामाची, सेबॅस्टियनची, लाकडाची वखार गाठली आणि सबंध दिवस ओंडक्यांच्या आड बसून काढला.

घरी काय सांगायचे, हा प्रश्न पडला. खरे सांगावे तर जाईबाई हाय खाणार. पोरगा दंगलीत सापडला होता हे कळले तर त्या पुन्हा त्याला उंबरठा ओलांडू देणार नाहीत. आणि कांता तर ताटली घेऊन बसलेली असणार. सीतारामने वखारीतली मूठभर माती उचलली आणि माझ्या खिशात कोंबली. मी ओरडून सांगणार होते. पण माझे तोंड म्हणजे काळ्या दोऱ्याची एक शिवलेली रेघ. ते कसे उघडणार?

कांताने नेहमीसारखी माती ताटलीत ओतली. बोटांनी चाळली. मग चिमूट नाकाशी नेली आणि तिथेच थांबली. मातीत लाकडाचा भुसा होता, आणि सागाचा तो वास गिरणगावात कोण ओळखणार नाही?

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "कर्नाळ्यावर वखार कधी निघाली?"

सीतारामची मान खाली गेली. आल्बर्टने सगळे खरे खरे सांगून टाकले. जाईबाईंनी आधी सीतारामच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याला जवळ ओढून घेतले. कांता मात्र ताटलीसमोरून हलली नाही.

"नाही गेलात तर नाही गेलात म्हणायचं," ती म्हणाली. तिने ताटली पुढे ढकलली. "मी ही माती किती जपते, ठाऊक आहे ना तुम्हाला? मला काय खोटं आणून देता? आता घोरूबाय कुठं जाणार नाही. जायचं तर मी जाईन."

"येडी की काय!" जाईबाई म्हणाल्या. "पोरीबाळींनी डोंगर चढून काय मिळवायचंय?"

बोलणे तेवढ्यावरच संपले. कांता फार हट्ट करणारी नव्हती. पण तिने मला पुन्हा खरेच पाठवले नाही. सीतारामने दोन-तीनदा विनवले, आल्बर्टने चॉकलेटचे आमिष दाखवले, ती बधली नाही.

मग काय, मी फळीवर आणि ती गिरणीत. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि चाळीत चूल पेटली नाही. दादरच्या समुद्राकडे निघालेल्या त्या माणसांच्या लोंढ्यात कांताही चालली. परत आली तेव्हा तिचे पाय सुजले होते, पण तिच्या पायांकडे पाहायचे कुणाला भान नव्हते. पुढे घरात बुद्धाची तसबीर आली, माझी फळी तिच्याशेजारी आली. त्या वर्षभरात कांताने डोंगराचे नाव काढले नाही. संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे मात्र चालू होते. कांता बायकांच्या पथकात जाऊ लागली. सत्याग्रहात एकदा तिला पोलिसांनी पकडून नेले आणि दोन दिवसांनी सोडले. ती दारात आली तेव्हा जाईबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. साऱ्या चाळीला लेकीचा अभिमान सांगत फिरल्या.

संध्याकाळी कधी कधी कांता मला घेऊन गच्चीवर जायची. कठड्यावर मला ठेवायची आणि दोघी उगवतीकडे पाहत बसायचो. मला तिथल्या वाऱ्याची आठवण यायची, वाटेवरच्या गवताची, आल्बर्टच्या ओरडण्याची. जीव नुसता तुटायचा. आणि तिला तर आठवायलाही काही नव्हते. तिचे दुःख माझ्याहून मोठे होते, हे मला त्या कठड्यावर कळले.

अशी चार वर्षे गेली. साठ साल उजाडले आणि एक मेला महाराष्ट्र राज्य होणार हे ठरले. तो दिवस रविवारचा. एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी कांता तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आई, मी रविवारी कर्नाळ्याला जाणार. दादा आणि आल्बर्ट आहेत. जर्ट्रूडमावशी सोबत येतायत, शनिवारी उरणला त्यांच्या बहिणीकडे मुक्काम आहे. सगळं ठरलंय."

"त्या दिवशी? सगळी मुंबई शिवाजी पार्कात जाईल, आणि तू डोंगरात?"

"आई, मोर्चाला गेले तेव्हा अडवलं नाहीस. पोलिसांच्या गाडीत बसले तेव्हा अडवलं नाहीस. डोंगरालाच का गं अडवतेस?"

"मोर्चा सगळ्यांसाठी होता," जाईबाई म्हणाल्या. "डोंगर काय, नुसता तुझ्यासाठी."

"हो," कांता म्हणाली. "नुसता माझ्यासाठी."

जाईबाईंनी तिच्या पुढ्यातले सूप आपल्याकडे ओढून घेतले. दुसऱ्या दिवशी जर्ट्रूडबाई स्वतः माझगावहून आल्या, छत्री टेकत जिना चढल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "जाईबाय, मी हाय ना! पोरीला काय झाला तर माजी मान काप." शनिवारी जाईबाईंनी भाकऱ्या थापल्या, लसणीची चटणी केली आणि न बोलता फडक्यात बांधून दिली.

मी फळीवर अधीर होऊन बसले होते. चार वर्षांनी वारा लागणार होता. कांताने मला खाली काढले, माझ्यावरची धूळ पुसली. माझे तोंड आपल्याकडे वळवले. पण मग तिने मला पुन्हा फळीवर ठेवले.

"तू पाहिलंयस," ती म्हणाली. "आता मी बघून येते."

ती गेली. खरे सांगते मित्रांनो, मला फार लागले. चार वर्षे जिच्याबरोबर झुरले तीच मला टाकून गेली. आणि त्याच वेळी मला आनंदही झाला, इतका की बटणांच्या डोळ्यांना पाणी येत असते तर आले असते. दोन्ही खरे होते.

रविवारी चाळीत नुसता जल्लोष होता. दारादारांत आकाशकंदील लागले, पेढे वाटले, पोरे फेटे बांधून धावत होती. जाईबाईंनी पेढा घेतला, पण शिवाजी पार्कात गेल्या नाहीत. गॅलरीत बसून राहिल्या. दुपारी कुणी नाही असे पाहून त्यांनी मला फळीवरून काढले आणि मांडीवर घेतले. आजवर त्यांनी मला झटकण्यापुरताच हात लावला होता. "लांब आहे का गं ते?" त्यांनी मला विचारले. मी काय सांगणार? मग त्यांनी मला परत फळीवर ठेवले.

दिवेलागणीला कांता आली. नाक उन्हाने सोलले होते, साडीचा काठ फाटला होता, चालताना पाय ओढत होती. बसली आणि बोलू लागली. सीताराम आणि आल्बर्ट सुद्धा ऐकत बसले. कर्नाळ्यावर मी दोनदा गेले होते. पण तिने सांगितला तो गड मी पाहिलाच नव्हता. तिने सांगितले, की सुळक्याला मधमाश्यांची मोठमोठी पोळी लटकलेली आहेत आणि खाली उभे राहिले की त्यांची गुणगुण ऐकू येते. पायथ्याशी कातळात पाण्याची टाकी आहेत, वैशाखातही पाणी गार. जर्ट्रूडबाई अर्ध्यातच बसल्या आणि "तू जा बाय, मी हितं माळ जपते" म्हणाल्या. शेवटचा टप्पा कांता दोघांना मागे ठेवून एकटीच पुढे गेली आणि वर पोचल्यावर रडली.

"का गं?" सीतारामने विचारले.

"कुणास ठाऊक. दादा, आपल्या कानांत नेहमी खडखड असते ना गिरणीची? घरी आलं, झोपलं तरी चालूच असते. ती तिथं थांबली."

जाईबाई कोपऱ्यात पाठ करून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी स्वतः सतरा वर्षे गिरणीत काढली होती. त्यांचे हात थांबले.

"खरंच थांबली?" त्यांनी विचारले.

"अगदी थांबली, आई."

"मग..." जाईबाई सुपाकडे पाहतच म्हणाल्या, "मला नेशील?"

कांता खळखळून हसली. तिचा दिवसच तसा होता, तिच्या अंगात आनंद मावत नव्हता. "तुला? अगं, गच्चीचा जिना चढताना तू दोनदा बसतेस!" सीताराम हसला. आल्बर्ट म्हणाला, "बाय, तुमाला घोरूबायसारखी वरती फेकावी लागंल!" आणि सगळेच हसले.

"गंमत केली गं," जाईबाई म्हणाल्या आणि त्याही हसल्या.

त्यांचा चेहरा माझ्या फळीकडे होता. तो फक्त मला दिसला.

पुढे कांताचे लग्न झाले. जावई रेल्वेत, इगतपुरीला क्वार्टर मिळाले. तिच्या खिडकीतून आता डोंगरच डोंगर दिसतात, असे ती पत्रात लिहायची. सीतारामला मुले झाली, त्यांनी माझा एक डोळा उपटला, मग मला माळ्यावरच्या ट्रंकेत टाकले. आल्बर्ट दम्याने थकला आणि डोंगर सुटले. पण त्या रविवारनंतर, ट्रंकेत जाण्याआधी, अकरा वर्षे मी फळीवर होते आणि त्या अकरा वर्षांत जाईबाईंना रोज पाहत होते. संध्याकाळी त्या वाळवण काढायचे निमित्त करून गच्चीवर जात, जिन्यात दोनदा बसून. वाळवण नसले तरी जात. खाली यायला त्यांना फार वेळ लागे. आणि एके दिवशी त्या गेल्या, कुठलाही डोंगर न पाहता.

कांता वाईट नव्हती हो. आईवर तिचा जीव होता. पण चार वर्षे जिने वाट पाहिली, तिलाही घरातल्या दुसऱ्या बाईचे वाट पाहणे दिसले नाही. मला दिसले, तर मला बोलता येत नव्हते.

म्हणून मित्रांनो, आज ट्रंकेतून बाहेर आले आहे खरी, पण मला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, माझा डोळा लावून द्या, असले काही मी मागणार नाही. मी भरपूर हिंडले आहे. मला वाऱ्याची आठवण येते, ती येऊ दे. तुम्ही मात्र आज घरी गेलात की एक काम करा. तुम्ही सहलीला निघता तेव्हा जे माणूस तुमचा डबा भरून देते आणि "मला काय करायचंय तिकडे" म्हणते, त्याला विचारा, "तुला यायचंय का?" आणि ते हसून नाही म्हणाले, गंमत केली म्हणाले, तर तुम्ही हसू नका. जवळ बसा आणि पुन्हा एकदा विचारा.